परदेशात संसार मांडताय? या चुका टाळा

एकाला परदेशात नोकरी लागली, दोघांनी मिळून जायचं ठरवलं. इथवर सगळं जोडीनं चालतं. पण व्हिसा अधिकाऱ्यापासून तिथल्या घरमालकापर्यंत प्रत्येक जण तुमच्याकडे दोन वेगळी माणसं म्हणूनच बघतो. हे वेळेत लक्षात आलं नाही, की त्याची झळ बहुतेक वेळा ज्याच्या नावावर नोकरी नाही त्यालाच बसते.

विवाहाचा दाखला: क्रम चुकला की महिने गेले

ही चूक पुन्हा पुन्हा होते आणि सगळ्यात महाग पडते. दाखला घाईनं काढायचा, लगेच भाषांतर करून घ्यायचं आणि शेवटी कोणीतरी आठवण केली म्हणून अपॉस्टिलला धावायचं.

अपॉस्टिल म्हणजे ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारानुसार दिलं जाणारं चौकोनी प्रमाणपत्र. बाजू किमान ९ सेंटिमीटर, वर फ्रेंच मथळा, खाली क्रमांक घातलेले दहा मुद्दे. कागदावर सही कोणाची, सही करणाऱ्याचा हुद्दा काय, शिक्का कोणाचा, एवढंच ते सांगतं. दाखल्यातल्या मजकुराची हमी ते देत नाही. त्यामुळे नावाचं स्पेलिंग चुकलेलं असेल तर अपॉस्टिल लागल्यावरही ते चुकलेलंच राहतं, आणि पुढे दुरुस्ती केलीत की अपॉस्टिलही नव्यानं घ्यावं लागतं.

एका जोडप्याच्या बाबतीत या सगळ्या चुका एकदम झाल्या. नवऱ्याचा व्हिसा आला होता. बायकोच्या नावात दाखल्यावर एक अक्षर पासपोर्टपेक्षा वेगळं होतं, 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू'. एजंट म्हणाला, प्रतिज्ञापत्र जोडू, चालून जातं. ते चाललं नाही. भाषांतर आधीच झालेलं असल्यानं त्यात अपॉस्टिलचं पान नव्हतं, म्हणून तेही परत आलं. नवं अपॉस्टिल घ्यायला गेले तर दाखला जपून राहावा म्हणून कोणीतरी तो लॅमिनेट करून ठेवलेला. त्यावर शिक्का मारायला नकार मिळाला. नवी प्रत मागवली, तर ती जुन्याच चुकीसह आली, कारण मूळ नोंदवहीतलं नाव दुरुस्त करायचं कोणालाच सुचलं नव्हतं. या सगळ्यात पाच महिने गेले. तो तिकडे दोघांसाठी घेतलेल्या घराचं भाडं एकटा भरत राहिला, आणि ती इकडे नोकरी सोडून भरलेल्या बॅगांसमोर बसून राहिली.

क्रम असा ठेवा. आधी मूळ नोंद पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा. मग ताजी प्रत काढा, तिच्यावर अपॉस्टिल घ्या, आणि सगळ्यात शेवटी त्या देशाला मान्य असलेल्या अनुवादकाकडून अपॉस्टिलच्या पानासकट भाषांतर करून घ्या. काही देशांना तीन किंवा सहा महिन्यांच्या आत काढलेलीच प्रत लागते, म्हणून फार आधीही काढू नका. जुळवणीसाठी पासपोर्टच्या फोटोच्या पानावरच्या तळाच्या दोन ओळी घ्या. प्रत्येक ओळीत ४४ खुणा असतात. पहिलीत देशाच्या तीन अक्षरांनंतर आडनाव, मग दोन कोनी खुणा, मग नाव येतं. संगणक हेच वाचतो. विमानाचं तिकीटही याच स्पेलिंगनं काढा.

तो देश करारात आहे का, हे आजच्या तारखेला तपासा. कॅनडात हा करार ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला, त्याआधीची माहिती वाचून काहीजण अजूनही दूतावासाच्या साक्षांकनाच्या मागे लागतात. दोन्ही देश सदस्य असूनही एकानं दुसऱ्याबद्दल आक्षेप नोंदवलेला असू शकतो, आणि तसं असेल तर त्या दोघांमध्ये अपॉस्टिल चालत नाही.

सगळं एकाच्याच नावावर

भाडेकरार एकाच्या नावानं, विजेचं बिल त्याच्याच नावानं, इंटरनेटही त्याच्याच. 'तिचं नाव नंतर घालू' असं म्हणतात, आणि ते 'नंतर' येत नाही. मग ती बँकेत खातं उघडायला जाते तेव्हा पत्त्याचा पुरावा नसतो. खातं नाही म्हणून पगार जमा व्हायची सोय नाही, आणि मोबाइलचं मासिक कनेक्शनही अडतं. शिकलेलं, कमावतं माणूस पावलोपावली जोडीदारावर अवलंबून राहतं. माझ्या मते ही नुसती गैरसोय नाही, नव्या संसारात तिढा पाडणारी गोष्ट आहे. भाडेकरारावर पहिल्या दिवसापासून दोघांची नावं घाला, आणि निदान एक बिल दुसऱ्याच्या नावानं घ्या. निघण्यापूर्वी दोघांच्या स्वतंत्र खात्यांत किमान तीन महिन्यांचा खर्च ठेवा. जुन्या देशातली पत सहसा नव्या देशात मोजली जात नाही, तेव्हा तिथं कार्ड लगेच मिळेल हे धरून चालू नका.

याचंच भावंड म्हणजे ओटीपी. जुन्या बँकेचे ओटीपी जुन्या नंबरवर येतात, आणि तो नंबर रिचार्ज संपून बंद पडलेला असतो. रोमिंग मायदेशात असतानाच सुरू करा, बाहेरून ते सुरू होईलच असं नाही. नंबर किमान वर्षभर जिवंत ठेवा. नवा फोन घेतलात तर जुना पुसण्याआधी लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप नव्यावर हलवा, आणि बॅकअप कोड कागदावर लिहून दोघांनीही एकेक प्रत जवळ ठेवा.

व्हिसा हातात येण्याआधी राजीनामा

देऊ नका. घरसामानही विकू नका. अर्ज 'प्रक्रियेत' आहे याचा अर्थ मंजूर झाला असा नाही. जोडीदाराच्या व्हिसावर काम करायची मुभा आहे का, हे परवान्यावरच्या शब्दांतच वाचा. ओळखीच्या कोणाला मुभा मिळाली होती, हा पुरावा नव्हे.

बाकीच्या, पण वारंवार दिसणाऱ्या चुका

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिन्यांहून कमी उरली असेल तर आधी नूतनीकरण करा. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही बरोबर घ्या.

न पाहिलेल्या घराची अनामत पाठवू नका. पहिला महिना थोड्या मुदतीच्या जागेत काढा.

चार्जरवर '१०० ते २४० व्होल्ट' लिहिलं असेल तर फक्त प्लगचा अ‍ॅडॅप्टर पुरतो. मिक्सर, इस्त्री, हेअर ड्रायरवर बहुधा एकच आकडा असतो. जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, युरोपात २३०. अ‍ॅडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. २३० चं यंत्र १२० वर रडतखडत चालतं, उलट केलंत तर जळतं. ही यंत्रं मागेच ठेवा.

लाकडी खोक्यातून सामान पाठवणार असाल तर लाकडावर 'एचटी'चा छाप पाहा. म्हणजे ते गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं असतं. छाप नसेल तर बंदरावर खोकं अडू शकतं.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत ठेवायची नसते, ती हातातल्या बॅगेतच. सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-तास आहे. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टनं ७४ वॉट-तास भरते, म्हणजे चालते. मूळ कागद, औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठीही हातातल्याच बॅगेत. चिठ्ठीवर ब्रँडच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण ब्रँड देशागणिक बदलतात. दोघांचे कागद एकाच पाकिटात कोंबू नका, ज्याचे त्याच्याकडे असू द्या.

बॅग फुटली किंवा आलीच नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर नोंद करा आणि टॅग जपून ठेवा. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची २१ दिवसांत करावी लागते. तक्रार ज्याच्या तिकिटावर बॅग नोंदली आहे त्याच्या नावानं करा, म्हणून विमानतळावर बॅगा देतानाच कोणती कोणाच्या नावावर चढतेय ते बघून घ्या.