सुट्या भागांची टंचाई आणि नकली माल : छोट्या इलेक्ट्रॉनिक उत्पादकाने काय करावे

खान्देशात कृषिपंपाचे ऑटो स्विच, मोबाइल स्टार्टर, ठिबकचे टायमर किंवा शेताच्या कुंपणाचे झटका मशीन अशी उपकरणे दोनशे-पाचशेच्या लॉटमध्ये तयार करणाऱ्या कारखानदाराला सुट्या भागांच्या टंचाईची झळ मोठ्या कंपनीच्या आधी लागते. मोठी कंपनी वर्षभराची मागणी आगाऊ नोंदवते आणि वितरक तिचा माल बाजूला काढून ठेवतो; आपण भाग लावलेल्या पट्टीचे एखादे रीळ मागतो, तेही हंगाम तोंडावर आल्यावर. टंचाई आणि नकली माल या दोन वेगळ्या अडचणी आहेत असे अनेक जण मानतात, परंतु व्यवहारात ती एकच अडचण आहे. अधिकृत वितरक जेव्हा वर्षभराची मुदत सांगतो, तेव्हाच बाजारात कोणीतरी तोच भाग ‘तयार स्टॉक, एक नंबर माल’ म्हणून चौपट भावाने देऊ करतो, आणि नकली माल बहुतेक वेळा त्याच दाराने कारखान्यात शिरतो. त्यामुळे माल हाती आल्यावर तो कसा तपासावा याइतकेच, तशा मालाकडे वळण्याची पाळी कशी टाळावी याला महत्त्व आहे.

२०२० ते २०२२ या काळातील टंचाई आठवली तर कारणे किती दूरची असतात हे लक्षात येते. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथील एकेएम या चिप कंपनीच्या कारखान्याला आग लागली, फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधील थंडीच्या लाटेने ऑस्टिनमधील चिप कारखाने बंद पडले आणि मार्च २०२१ मध्ये जपानमध्येच रेनेसास या चिप कंपनीच्या नाका येथील कारखान्यात आग लागली. करोनाकाळातील वाढलेली मागणी त्यात मिसळली आणि एसटी कंपनीच्या एसटीएम ३२ एफ १०३ सारखा नित्याचा मायक्रोकंट्रोलर (उपकरणाचा प्रोग्रॅम चालवणारी चिप) मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकला जाऊ लागला. जळगावच्या एमआयडीसीत बसून यातले काहीही थांबवता येत नाही; मात्र आपल्या उपकरणातील कोणता भाग अशा धक्क्याने उत्पादन बंद पाडू शकतो, हे आधी ठरवता येते.

भागांची यादी नव्याने वाचणे

उपकरणात लागणाऱ्या सर्व भागांची यादी घेऊन प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहावा : हा भाग उद्या मिळाला नाही, तर पीसीबी (भाग जोडण्याचा छापील सर्किटचा बोर्ड) न बदलता त्याच्या जागी दुसरे काय बसेल? रोधक, डायोड, साधे ट्रान्झिस्टर, पीसी ८१७ सारखे ऑप्टोकपलर यांना अनेक कंपन्यांचे पर्याय असतात आणि त्यांची चिंता करण्याचे कारण नाही. रिले, ट्रान्सफॉर्मर आणि टर्मिनल यांना पर्याय असतात, पण पायांचे अंतर जुळवून पाहावे लागते. मायक्रोकंट्रोलर, मोबाइल स्टार्टरमधील जीएसएम मॉड्यूल आणि वीज मोजणारी एखादी खास मीटरिंग आयसी (चिप) यांना मात्र सहसा थेट पर्याय नसतो, आणि सगळी जोखीम या तीन-चार ओळींत साठलेली असते. याच भागांबाबत उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावर ‘नव्या आराखड्यासाठी शिफारस नाही’ किंवा ‘उत्पादन बंद’ असा शेरा आला आहे का, हे दर तिमाहीला पाहावे. उत्पादन बंद करण्यापूर्वी कंपन्या अखेरच्या खरेदीची तारीख जाहीर करतात. ती तारीख चुकली की पुढचा सर्व माल खुल्या बाजारातला असतो.

पीसीबीची पुढची आवृत्ती काढताना धोक्याच्या भागांसाठी दुहेरी जागा ठेवावी. व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरसाठी दोन आकारांच्या पॅकेजचे (आवरणाचे) पॅड एकमेकांत बसवता येतात, रिलेसाठी दोन प्रकारची छिद्रे देता येतात आणि जीएसएम मॉड्यूल मुख्य पीसीबीवर न लावता वेगळ्या छोट्या कार्डावर ठेवले, तर मॉड्यूल बदलल्यास केवळ ते कार्ड नव्याने करावे लागते. प्रोग्रॅम लिहितानाही हार्डवेअरशी थेट बोलणारा भाग वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या मायक्रोकंट्रोलरवर जाताना मोटर कधी चालू-बंद करायची याचे मूळ तर्कशास्त्र पुन्हा लिहावे लागत नाही. हे काम टंचाईत करू म्हणणारा ते कधीच करत नाही, कारण त्या वेळी तो व्यापाऱ्यांना फोन करण्यात गुंतलेला असतो.

साठा हंगामाच्या हिशेबाने

पंपाच्या स्टार्टरची मागणी आपल्याकडे खरिपापूर्वी आणि पुन्हा रब्बीच्या तोंडावर वाढते. बागायती कापसाच्या लागवडीसाठी शेतकरी मेअखेरीस मोटारीची डागडुजी करतो, तेव्हा माल दुकानात असावा लागतो. म्हणजे कारखान्यात भाग मार्चमध्ये आणि ज्यांची मुदत सोळा-वीस आठवड्यांची आहे त्यांची ऑर्डर नोव्हेंबरपूर्वी गेली पाहिजे. सगळ्याच भागांचा साठा करण्यात भांडवल अडकते. थेट पर्याय नसलेल्या तीन-चार भागांचा दोन हंगाम पुरेल इतका साठा करावा आणि बाकीचा माल गरजेप्रमाणे आणावा, हा हिशेब बहुतेक छोट्या कारखान्यांना परवडतो. साठवलेल्या आयसी मूळ ओलावारोधक पाकिटातच ठेवाव्यात. पाकीट फोडून पावसाळाभर कपाटात ठेवलेली आयसी ओलावा शोषते आणि रिफ्लोच्या (सोल्डर वितळवण्याच्या) उष्णतेत आतून तडकते; मग अस्सल मालाला नकली ठरवले जाते. असा भाग वापरण्यापूर्वी पाकिटावरील सूचनेप्रमाणे भाजून कोरडा करावा, मात्र प्लॅस्टिकच्या रिळावरचा माल १२५ अंशांच्या भट्टीत ठेवू नये, कारण रीळच वितळते.

खरेदी

पहिला पर्याय नेहमी उत्पादकाने नेमलेला वितरक. ही नावे उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावर देशनिहाय दिलेली असतात, आणि व्यापाऱ्याने स्वतःच्या पत्रकावर छापलेल्या ‘अधिकृत’ या शब्दापेक्षा ती यादीच प्रमाण मानावी. माउझर, डिजी-की, एलिमेंट १४ यांच्याकडून कमी नगही मिळतात. दर जास्त वाटला, तरी चोपडा किंवा रावेर तालुक्यातल्या एखाद्या विहिरीवर माणूस पाठवून बंद पडलेला बोर्ड बदलण्याचा खर्च त्यात मिळवून पाहिला म्हणजे तो फरक फारसा उरत नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीचे बाजार टाळावेत असे नाही. तेथे प्रामाणिक व्यापारी आहेत आणि रोधक, कनेक्टर, वायर, हीटसिंक यांसाठी ते सोयीचेही आहेत. परंतु टंचाईतील आयसी आणि पॉवर मॉसफेट (मोठा प्रवाह चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) तेथून घ्यायचे असतील, तर ते लेखी अटींवरच घ्यावेत.

त्या अटी खरेदी आदेशात स्पष्ट असाव्यात. उत्पादकाचे नाव आणि भागाचा शेवटच्या अक्षरापर्यंतचा पूर्ण क्रमांक लिहावा, कारण शेवटच्या दोन अक्षरांत पॅकेज आणि तापमानाची श्रेणी दडलेली असते. लेखी संमतीशिवाय ‘त्याच नंबरचा दुसरा मेक’ स्वीकारला जाणार नाही, संपूर्ण लॉट एकाच तारखेच्या कोडचा असावा, आणि तपासणीत नापास झाल्यास ३० दिवसांत माल परत जाईल, हेही त्यात नमूद करावे. रोखीने, बिलाशिवाय घेतलेला माल स्वस्त पडतो, पण त्यावर कोणताही दावा उरत नाही. जो व्यापारी जीएसटीच्या बिलावर भागाचा पूर्ण क्रमांक लिहायला तयार नाही, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही. प्रथम व्यवहारात पूर्ण आगाऊ रक्कम देऊ नये. थोडे नमुने मागवून ते तपासावेत आणि नंतर त्याच लॉटमधील माल मागवावा.

आलेल्या मालाची तपासणी

नकली माल एकाच प्रकारचा नसतो, आणि तपासणीची पद्धत त्यावर ठरते. जुन्या पीसीबीवरून काढून, पाय पुन्हा कथिलात बुडवून, घासून नवा केलेला माल असतो. स्वस्त आयसीवर महाग आयसीचे नाव छापलेले असते. उत्पादकाने नापास केलेला माल असतो. आणि मुळात दुसऱ्याच कंपनीने तयार केलेली नक्कलही असते. शेवटच्या प्रकाराचा गाजलेला प्रसंग म्हणजे ऑक्टोबर २०१४ मधला : एफटीडीआय या चिप कंपनीने आपल्या यूएसबी आयसीचा ड्रायव्हर (संगणकाला ती आयसी ओळखता यावी यासाठीचा प्रोग्रॅम) बदलला, विंडोजच्या अद्ययावतीकरणातून तो जगभर गेला आणि नकली आयसी असलेली उपकरणे संगणकाने ओळखणे बंद केले. ती उपकरणे विकणाऱ्या अनेक छोट्या उत्पादकांना आपण नकली आयसी वापरली आहे, हे त्या दिवशी प्रथमच कळले.

सुरुवात डोळ्यांनी करावी. दहा ते चाळीस पट मोठे दाखवणारे भिंग किंवा यूएसबी सूक्ष्मदर्शक साधारण किमतीत मिळतो. आयसीच्या वरच्या, नाव छापलेल्या पाठीवर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे, पहिल्या पायाजवळच्या खळग्यात साचलेला काळा थर, वरच्या आणि बाजूच्या पृष्ठभागाच्या पोतातला फरक, पायांच्या टोकाला जुन्या सोल्डरचे अवशेष, या खुणा शोधाव्यात. चार आकडी तारीख कोड असेल तर पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे असतात. २१३५ म्हणजे २०२१ चा ३५वा आठवडा. त्या भागाचे उत्पादन सुरू होण्यापूर्वीचे वर्ष किंवा ५३ च्या पुढचा आठवडा दिसला, तर पुढे काही तपासण्याची गरजच नाही. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन पाठ पुसावी. काळा रंग बोळ्यावर आला तर माल पुन्हा रंगवलेला आहे, पण रंग आला नाही म्हणून तो अस्सल ठरत नाही, कारण आता ॲसिटोनला दाद न देणारे लेपही वापरले जातात. नमुने रिळाच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी अशा तिन्ही ठिकाणांहून घ्यावेत. कापसाच्या गाडीत वर पांढराशुभ्र आणि तळाशी कवडी (खराब कापूस) भरण्याची रीत या व्यापारातही आहे.

दिसण्यावर उत्तीर्ण झालेला माल नंतर चालवून पाहावा, आणि तो केवळ ‘चालतो का’ असा नव्हे, तर डेटाशीटमधील (उत्पादकाच्या माहितीपत्रकातील) एखाद्या कठीण आकड्याशी ताडून. काही भागांसाठी ही कसोटी सोपी आहे. एलएम २५९६ या रेग्युलेटरची स्विचिंग फ्रिक्वेन्सी १५० किलोहर्ट्झ असते. बाजारातील अनेक नकली नग साधारण ५० किलोहर्ट्झवर चालतात. त्यांच्यात आउटपुटचे व्होल्टेज बरोबर येते, म्हणून मल्टिमीटरला काहीच कळत नाही, पण रिपल (व्होल्टेजमधला चढउतार) वाढतो आणि भार पडताच इंडक्टर तापतो. आयआरएफझेड ४४ एन या मॉसफेटचा चालू स्थितीतील रोध २५ अंश तापमानाला कमाल १७.५ मिलिओहम असतो. गेटवर १० व्होल्ट देऊन, ५ अँपिअर प्रवाह सोडून, पायांच्या मुळाशी मोजल्यास ड्रेन आणि सोर्समध्ये साधारण ८८ मिलिव्होल्टच्या आत वाचन यायला हवे. दोनशे आले तर आत लहान डाय (सिलिकॉनचा तुकडा) आहे आणि उन्हाळ्यात तो जळणार. एसटीएम ३२ एफ १०३ ला डीबगर (चिप तपासण्याचे साधन) जोडला की गाभ्याचा ओळख क्रमांक वाचता येतो. अस्सल चिपमध्ये तो हेक्साडेसिमल १ ने सुरू होतो, पुष्कळशा नकलांमध्ये २ ने. येथे एक भेद करणे न्याय्य ठरेल : गिगाडिव्हाइसचा जीडी ३२ हा स्वतःच्या नावाने विकला जाणारा वेगळा, रीतसर मायक्रोकंट्रोलर आहे आणि प्रोग्रॅम तपासून तो वापरण्यात काही गैर नाही, त्याच्यासारख्या चिपवर एसटीचे नाव छापून विकणे, ही फसवणूक.

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरकडे खान्देशात विशेष लक्ष द्यावे लागते. भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीतले तापमान त्याहून पुष्कळ वर असते. तापमान १० अंशांनी कमी झाले की कपॅसिटरचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. पेटीत ६५ अंश धरले, तर १०५ अंशांचा, २००० तासांचा कपॅसिटर सुमारे ३२,००० तास टिकतो आणि तेवढ्याच तासांचा ८५ अंशांचा जेमतेम ८,००० तास, म्हणजे सतत चालल्यास वर्षाच्या आतच संपतो. आवरण बदलून ८५ चा माल १०५ म्हणून विकणे सोपे असल्याने तो सर्रास विकला जातो. धारिता मोजून तो सापडत नाही. ईएसआर (कपॅसिटरचा अंतर्गत रोध) मोजावा, आणि खात्रीच्या नगाशी वजनाची तुलना करावी. ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा जळगावसारख्या सोन्याच्या पेठेत मिळायला अडचण नाही. उरलेल्या शंकेसाठी प्रत्येक लॉटमधले दहा बोर्ड पूर्ण भारावर, ७० अंशांच्या पेटीत दोन-तीन दिवस चालवावेत. बल्ब आणि थर्मोस्टॅट लावलेली लाकडी पेटी या कामाला पुरते, मात्र ती चालू असताना तिच्याजवळ माणूस असावा.

खरेदीचे बिल, लॉट क्रमांक आणि त्यातून तयार झालेल्या बोर्डांचे अनुक्रमांक एकाच वहीत नोंदवावेत. ही नोंद नसली, तर एक रीळ खराब निघाल्यावर कोणते पन्नास बोर्ड परत बोलवायचे हे न कळल्याने पाचशे बोर्डांची चिंता वाहावी लागते.

नकली लॉट सापडल्यास

उत्पादन तत्काळ थांबवून त्या लॉटचा सर्व माल, पाकीट आणि लेबलसह, बाजूला कुलपात ठेवावा. मोजमापांची छायाचित्रे आणि आकडे व्यापाऱ्याला लेखी पाठवून ठरलेल्या मुदतीत रक्कम किंवा क्रेडिट नोट मागावी. उत्पादक कंपनीलाही कळवावे, कारण लॉट क्रमांकावरून तो आपला आहे की नाही हे ती सांगू शकते. खोटे व्यापारचिन्ह लावलेला माल विकणे हा ट्रेड मार्क्स अधिनियम, १९९९ नुसार गुन्हा आहे, आणि पत्रात त्याचा उल्लेख केला की व्यापाऱ्याचा सूर बहुधा बदलतो. माल जसाच्या तसा परत द्यावा की नाही हा प्रश्न अवघड आहे. परत गेलेले रीळ पुढच्या आठवड्यात नंदुरबारच्या किंवा धुळ्याच्या दुसऱ्या कारखानदाराला विकले जाण्याची शक्यता मोठी असते, म्हणून काही नमुने पुरावा म्हणून ठेवून उरलेला माल दोघांच्या समक्ष पाय कापून निकामी करावा, असे आधीच अटींमध्ये लिहिलेले चांगले. व्यापारी रक्कम परत देण्यास तयार नसेल आणि माल आपणच नष्ट करणार असू, तर त्यावर घेतलेले जीएसटीचे इनपुट क्रेडिट परत करावे लागते, हे हिशेबनिसाला त्याच महिन्यात सांगावे.