वाघ-बकरी: घरी पट आखून खेळण्याची रीत

वाघ-बकरीच्या खेळात फासे नसतात, कवड्याही टाकायच्या नसतात, त्यामुळे आजी आणि नात समोरासमोर बसल्या तरी डाव केवळ चालींवर ठरतो. या खेळाचे अनेक प्रकार आहेत. तमिळनाडूत त्रिकोणी पटावर 3 वाघ आणि 15 बकऱ्या घेऊन तो खेळतात. येथे सांगितलेला 4 वाघ आणि 20 बकऱ्यांचा प्रकार नेपाळात ‘बाघचाल’ या नावाने प्रसिद्ध आहे.

पुठ्ठ्यावर मोठा चौरस आखावा आणि आडव्या-उभ्या पाच-पाच रेषांनी त्याच्या 16 चौकटी कराव्यात. त्यानंतर समोरासमोरचे कोपरे जोडणारे दोन कर्ण काढावेत आणि चारही बाजूंचे मध्यबिंदू तिरप्या रेषांनी क्रमाने जोडावेत. जेथे रेषा मिळतात, ती 25 ठिकाणे म्हणजे घरे. सोंगटी चौकटीत ठेवायची नाही. यांपैकी 12 घरांतून तिरपी रेषा जातच नाही, म्हणून तेथून तिरपे सरकता येत नाही. आमच्या घरी सर्वाधिक वाद याच मुद्द्यावर झाले आहेत, तेव्हा रेषा ठळक काढाव्यात.

वाघांसाठी चार मोठी बटणे आणि बकऱ्यांसाठी वीस चिंचोके पुरतात. चार वाघ चार कोपऱ्यांत बसवावेत. पहिली पाळी बकरीवाल्याची असते. तो दर पाळीला एक बकरी रिकाम्या घरात ठेवतो आणि विसाव्या बकरीपर्यंत ठेवलेली बकरी हलवू शकत नाही. वाघ मात्र पहिल्या पाळीपासून रेषेवरून एक घर सरकतो, किंवा लगतच्या एका बकरीवरून सरळ रेषेत पलीकडच्या रिकाम्या घरात उडी मारून तिला उचलतो. एका पाळीत एकच बकरी मारता येते आणि मारण्याची सक्ती नसते. पाच बकऱ्या गेल्या की वाघ जिंकले. चारही वाघांना ना सरकता येत, ना उडी मारता येत, अशी कोंडी झाली की बकऱ्या जिंकल्या.

बकऱ्या राखणे अवघड आहे, म्हणून लहान मुलाला आधी वाघ द्यावेत. बकरीवाल्याने सुरुवात कडेच्या घरांपासून करावी, कारण कडेवरच्या बकरीवर फक्त कडेच्याच रेषेतून उडी पडते. समजा, पहिली बकरी एका बाजूच्या मध्यावर ठेवली आणि कोपऱ्यातला वाघ सरकून तिच्या शेजारी आला. तर दुसरी बकरी तिच्या पलीकडच्या घरात ठेवावी. आता पहिलीच्या पाठीशी दुसरी आहे आणि दुसरीच्या पाठीशी पहिली, त्यामुळे दोन्हीकडचे वाघ अडतात. कोपऱ्यातला वाघ कोंडायचा असेल, तर लगतची तीन घरे आणि त्यांच्या मागची तीन घरे भरलेली हवीत. म्हणूनच वाघवाल्याने कोपऱ्यात रेंगाळू नये, मधले घर लवकर गाठावे. तेथून आठ वाटा फुटतात.

तीच मांडणी वारंवार येऊ लागली, तर डाव बरोबरीत सोडावा. प्रत्येक डावानंतर बाजू बदलाव्यात आणि दोघांनीही वाघ खेळून झाल्यावर कोणी किती बकऱ्या मारल्या ते मोजावे.