कॅटलॉगमधला भाव कसा वाचायचा

इंदूरमधल्या एखाद्या जुन्या घरात होळकर संस्थानच्या तिकिटांचा अल्बम निघाला, की पहिला प्रश्न ‘कॅटलॉगला भाव किती?’ हाच असतो. त्याआधी तो भाव कुणाचा, ते पाहावं. स्टॅन्ली गिबन्स या तिकिटं विकणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या कॅटलॉगमधला पौंडातला आकडा म्हणजे ती कंपनी चांगल्या प्रतीचं तिकीट गिऱ्हाइकाला ज्या भावाने विकेल तो. तुमच्याकडून घेताना डीलर आपला नफा आणि माल पडून राहण्याची जोखीम वजा करणारच. साध्या तिकिटाला आकड्याच्या पाव रक्कम मिळाली तरी ठीक म्हणायचं. सर्वांत खालचे आकडे तर तिकीट शोधून पाकिटात घालून देण्याची मजुरीच असतात. असल्या शंभर तिकिटांची बेरीज करून हजारोंची स्वप्नं पाहू नयेत.

भाव खरंच हलला का, हे पाहायला एकाच कॅटलॉगच्या चार-पाच वर्षांच्या अंतराच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवा. मिंट (न वापरलेलं) आणि युज्ड (वापरलेलं) हे रकाने वेगवेगळे वाचा. पानभर साधारण सारख्याच प्रमाणात वाढ दिसली, तर ती बहुधा संपादकांनी सरसकट चढवलेली असते. आजूबाजूचे आकडे जागेवर आणि एकाच तिकिटाची उडी, तर मात्र मागणी आहे. रुपयांत हिशेब करताना चलनही तपासा. समजा तिकीट दोन्ही आवृत्त्यांत 40 पौंडांचंच आहे आणि पौंड 90 वरून 110 रुपयांवर गेला, तर 3,600 चे 4,400 झाले. गिऱ्हाईक एकही वाढलेलं नाही. उलटही घडतं. अमेरिकेच्या स्कॉट कॅटलॉगने 1980 च्या दशकाच्या अखेरीस आपले आकडे प्रत्यक्ष विक्रीच्या जवळ आणले, तेव्हा असंख्य तिकिटं कागदावर एकदम स्वस्त झाली. बाजार त्याआधीच उतरला होता.

मागणी बहुतेक वेळा त्या-त्या देशातूनच येते. चीनमध्ये पैसा आला तसं 1980 चं 8 फेनच्या लाल माकडाच्या तिकिटाचा भाव कुठल्या कुठे गेला. आपल्याकडे 1948 च्या गांधी तिकिटांचं तेच. त्यातल्या 10 रुपयांच्या, ‘सर्व्हिस’ (म्हणजे सरकारी टपालासाठी) छापलेल्या चार तिकिटांची पट्टी 2017 मध्ये 5 लाख पौंडांना विकली गेली. ही बातमी वाचून साधं 10 रुपयांचं तिकीट घेऊन धावू नका. सर्व्हिस छापाच्या मोजक्याच प्रती उरल्या आहेत. साध्यालाही चांगला भाव आहे, म्हणून नकलाही भरपूर. अस्सल तिकीट फोटोग्रॅव्हर पद्धतीने छापलेलं, पर्फोरेशन (कडेच्या भोकांचं माप, दोन सेंटिमीटरमध्ये किती) 11½. दहापट भिंगाखाली ऑफसेट छपाईचे ठिपके स्पष्ट दिसले, तर ते बाजूला ठेवा.

पुरवठा वाढला की भाव घसरतो. जुने संग्राहक गेले की अल्बम एकदम बाजारात येतात, आणि स्वातंत्र्यानंतरच्या स्मारक तिकिटांचे पूर्ण शीट लोकांनी इतके साठवले आहेत की ते पुष्कळदा छापील किमतीखालीच विकावे लागतात.

संस्थानांच्या बाबतीत गणित जरा वेगळं आहे. होळकरांचं पहिलं तिकीट 1886 चं, तुकोजीराव दुसरे यांच्या चित्राचं, अर्ध्या आण्याचं. ते संस्थानाच्या हद्दीतच चालायचं. ग्वाल्हेरचा 1885 मध्ये ब्रिटिश टपालाशी करार झाला, म्हणून तिथे ब्रिटिश भारताच्याच तिकिटांवर नाव छापलं, आणि ती हद्दीबाहेरही चालली. त्यामुळे होळकरांची तिकिटं लावलेलं मूळ पाकीट मिळालं, तर तिकीट सोडवू नका. पाकिटासकट ते कितीतरी जास्तीचं असू शकतं. पाण्यात घातलं की संपलं.

ग्वाल्हेरच्या तिकिटांत बनावट ओव्हरप्रिंट, म्हणजे वरून छापलेलं खोटं नाव, पहिल्यांदा शोधा. स्वस्त ब्रिटिश भारतीय तिकिटावर नाव उमटवणं सोपं असतं. भिंगाखाली टपालाच्या शिक्क्याच्या शाईवर ओव्हरप्रिंटची शाई चढलेली दिसली, तर नाव शिक्क्यानंतर छापलं आहे: खोटं.

आता प्रत. कॅटलॉगचा आकडा कडेचा फाटका दात, पातळ झालेला कागद किंवा डाग असलेल्या तिकिटाला लागू नाही. पावसाळ्यात डिंक दमट होऊन अल्बमच्या पानाला चिकटतो आणि पिवळे-तपकिरी डाग धरतो. मिंट तिकीट मग थेट ‘डिंक खराब’ या वर्गात जातं. अल्बम उभे, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह ठेवा आणि पावसाळा सरल्यावर पानं हवेशीर करा. लोखंडी ट्रंक नकोच.

शेवटी आकडा ताडून पाहायला लिलावांचे निकाल बघा: तीच प्रत, तोच प्रकार, गेल्या दोन-तीन वर्षांतली विक्री, निदान तीन वेळा. निकालात लिलावकर्त्याचं कमिशन धरलं आहे का तेही पाहा. कॅटलॉगमध्ये किमतीच्या जागी नुसती आडवी रेघ असेल, तर तिकीट माहीत आहे पण भाव ठरवण्याइतकी विक्री झालेली नाही, असं समजा. अशा तिकिटाला तज्ज्ञाचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका.