सिरपूरला बदकं ओळखायची असतील तर आधी रंग विसरा

दिवाळी झाली की दोन-चार जणं तरी मला सांगतातच, इंदौरच्या सिरपूर तलावावर जाऊन आलो, पाण्यात बतख पुष्कळ होते पण कोण कुठलं ते काही कळलं नाही. भिया, नाहीच कळणार, कारण आपण सगळे सुरुवात रंगापासून करतो, पुस्तकात नराचा झकास फोटो बघतो आणि तलावावर तसा एकही दिसत नाही. त्याचं कारण सोपं आहे. विणीचा हंगाम संपला की बहुतेक पाहुण्या बदकांचे नर भारी कपडे उतरवून मादीसारखा मळकट ड्रेस घालतात, त्याच सुमारास पंखांची उडायची पिसं सगळी एकदम गळतात आणि तीन-चार आठवडे त्यांना उडताच येत नाही, अशा वेळी लाल-हिरवं चमकत बसणं म्हणजे कोल्ह्याला आमंत्रणच की. नवी पिसं आल्यावर ही बदकं उडून आपल्याकडे येतात पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात बऱ्याच जणांचा हा मळकट वेश पूर्ण उतरलेला नसतो. म्हणून नवीन माणसाने डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारी ही वेळ पकडावी.

तलाव तसा आपल्या घरचाच, होळकरांच्या काळातला, धार रोडवर, 2022 मध्ये रामसर साइट झाला, म्हणजे जगात महत्त्वाच्या मानलेल्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. उजाडताना पोचा, सूर्य पाठीमागे येईल अशी जागा धरा, नाहीतर सगळी बदकं म्हणजे नुसते काळे ठिपके दिसतील. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची (आठ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं बेचाळीस मिलिमीटरची) असली तर बास. मोबाइलचा झूम विसरा.

आता पहिला प्रश्न, हे बदक आहे का? हसू नका. पहिल्या हिवाळ्यात मी वहीत "काळी बदकं, अंदाजे दोनशे" असं लिहून आलो आणि आत्याला फोटो दाखवला, तर ती म्हणाली, "अरे गाढवा, कपाळावरचं गंध दिसत नाही का, वारकरी आहे तो!" काळं अंग, पांढरी चोच, कपाळावर पांढरा टिळा, हा वारकरी बदकांच्या कुळातलाच नाही, त्याच्या बोटांना एकमेकांशी जोडणारा पडदा नसतो, प्रत्येक बोटाला वेगवेगळ्या झालरी असतात. मुठीएवढं काहीतरी डुबकी मारून भलतीकडेच वर आलं तर ती टिबुकली. आणि पंख पसरून वाळवत बसलेला तो पाणकावळा. हे तीन बाजूला काढले की अर्धी गर्दी कमी होते.

उरलेल्यांचं खाणं बघा, रंग नको. डोकं पाण्यात, शेपटी आकाशात, पाय हलतायत, असा उलटा उभा राहिलेला म्हणजे वरवर चरणारा. हे पाण्यावर उंच तरंगतात आणि दचकले की जागेवरून सरळ वर उडतात. दुसरे अख्खेच्या अख्खे गायब होतात, बुडी मारणारे. यांचे पाय मागे सरकलेले असतात, त्यामुळे पोहण्यात हुशार पण जमिनीवर चालताना फेंगडे, आणि उडायचं असलं की आधी पाण्यावर धावत जावं लागतं. लालसरी यांच्यातली, नराचं डोकं गोल नारिंगी आणि चोच लाल, मादी तपकिरी पण गाल फिके, तेवढं पुरे.

मग चोच. चोच कपड्यांसारखी बदलत नाही, म्हणून माझा सगळा भर तिच्यावरच. थापट्या बघा, डोक्यापेक्षा मोठी वाटणारी चोच, पुढे कालथ्यासारखी पसरलेली, नर असो मादी असो. कडेला आतून कंगव्यासारखे बारीक दात, तोंडात पाणी घ्यायचं, कडेने बाहेर सोडायचं, बारीक जीव आत अडकतात. कधी सात-आठ थापटे एकामागे एक गोल गोल फिरताना दिसले तर थांबा, फिरून पाणी ढवळतायत आणि पुढच्याच्या पायाने वर आलेलं मागचा गाळून खातोय. मी एकदा वीस मिनिटं हेच बघत बसलो, पोहे-जलेबी थंड झाले. तलवार बदकाची चोच साधी, पण मान लांब आणि नराची शेपटी टोकदार, दुरूनही लपत नाही.

पण अभ्यास सुरू करायचा तो हळदी-कुंकवापासून. आपलं बारमाही बदक, नर-मादी जवळजवळ सारखे, वेश बदलायची भानगड नाही. काळी चोच, टोकाला हळद, मुळाशी दोन बाजूंना कुंकवाचे ठिपके, ज्याने हे नाव ठेवलं त्याला नमस्कार. हिंदीत हाच गुगराल. याचा आकार डोळ्यात बसला की बाकीचे मोठे-लहान याच्याशी ताडून बघता येतात. अडई याच्यापेक्षा बरीच लहान, तपकिरी, ती क्वॅक करत नाही, शिट्टी मारते, आणि झाडाच्या ढोलीत पण घरटं करते, तेव्हा झाडावर बदक दिसलं तर डोळे चोळू नका.

काठाला केशरी अंगाची मोठी जोडी दिसली तर तो चक्रवाक, तोच हिंदीतला सुर्खाब! "कोणते सुर्खाबचे पर लागलेत" म्हणताना आपल्याला माहितीच नसतं की तो पक्षी लडाख-तिबेटकडे वीण करून थंडीत आपल्याकडे खाली येतो.

पाव, शेव काही टाकू नका. इंदौरी माणूस शेवेशिवाय राहू शकत नाही मान्य, पण बदक राहू शकतं, वर टाकलेलं खाणं पाण्यात सडतं ते वेगळंच.

आणि जवळ किती जायचं ते बदकच सांगतं. झोपलेल्या थव्यात कडेच्याकडे बघा. कडेचं बदक बऱ्याचदा बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून झोपतं, अर्धा मेंदू झोपलेला आणि अर्धा पहाऱ्यावर. तुम्ही एक पाऊल टाकलं आणि त्याची मान पाठीतून निघून ताठ झाली, की तिथेच थांबायचं, दोन मिनिटं हलायचं नाही. मान परत पिसात गेली तर ठीक. नाही गेली तर एक पाऊल मागे.