एमसीबी वारंवार का पडत होता?

सोलापुरातील आमच्या घरी मे महिन्याच्या दुपारी कूलर आणि पाण्याची मोटर एकदम चालली की १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच, पडत असे. त्याजागी ३२ अँपिअरचा बसवावा, असे मला वाटले. परंतु परवानाधारक वायरमनने ते ठामपणे नाकारले, कारण भिंतीतील अडीच चौरस मिलिमीटरची तार तेवढा प्रवाह सोसत नाही आणि एमसीबी पडण्याआधी तारच तापते. हा नकार मला आजही फार मोलाचा वाटतो. मेन स्विच बंद करून त्यांनी झाकण उघडले, तेव्हा स्क्रू सैल होऊन तारेचे लाल आवरण काळे व ठिसूळ झालेले दिसले. सैल जोडाची उष्णता एमसीबीमधील द्विधातू पट्टीला (तापली की वाकणारी दोन धातूंची पट्टी) लागून ती कमी भारातच वाकत होती आणि एमसीबी पडत होता. जळका भाग कापून त्यांनी १६ अँपिअरचाच नवा एमसीबी बसवला.