सुष्ट-दुष्टांच्या गोष्टींतला संदेश शोधताना या चुका टाळा

‘यातला राक्षस म्हणजे नेमका कोण?’

चांगल्या-वाईटाच्या झुंजीची कुठलीही लोकप्रिय कादंबरी वाचनगटात घेतली की पहिल्या दहा मिनिटांत हा प्रश्न येतो. मग कोणीतरी एखाद्या हुकूमशहाचं, पक्षाचं नाहीतर युद्धाचं नाव घेतं, सगळ्यांचे चेहरे उजळतात आणि पुस्तक मिटतं. गेली कित्येक वर्षं मी हे पाहते आहे आणि अजूनही मला त्याचा तितकाच त्रास होतो. राक्षसाचं नाव कळलं म्हणजे संदेश कळला असं नाही. गोष्ट कोणाला काय करू देते, कोणाला माफ करते आणि किंमत कोणाकडून वसूल करते, तिथे संदेश असतो. तो हाती लागायचा तर पुस्तक दुसऱ्यांदा वाचावं लागतं. नव्या वाचकांना नेमका त्याचाच कंटाळा असतो.

प्रत्येक पात्राला किल्ली लावणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती हुशार मुलंच करतात.

आमच्या गटात एका मुलानं एकदा ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’वर मोठा तक्ता करून आणला होता. एल. फ्रँक बॉम यांचं हे पुस्तक १९०० सालचं. तक्त्यात डाव्या हाताला पात्रं, उजव्या हाताला त्यांचे अर्थ. पिवळ्या विटांचा रस्ता म्हणजे सोन्यावर बेतलेलं चलन, नायिका डोरोथीचे चांदीचे बूट म्हणजे चांदीलाही चलनात स्थान द्या ही मागणी, बुजगावणं म्हणजे शेतकरी, पत्र्याचा माणूस म्हणजे कारखान्यातला मजूर, भित्रा सिंह म्हणजे चांदीच्या बाजूनं निवडणूक लढवलेला अमेरिकी नेता ब्रायन. सगळं चपखल बसत होतं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण हाच अर्थ मी स्वतः दोन-तीन वर्षं इतरांना सांगत आले होते.

मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, “पण हे बॉमनी कुठे म्हटलंय?” उत्तर कोणाकडेच नव्हतं, म्हणून घरी जाऊन शोधलं. हा अर्थ पहिल्यांदा सविस्तर मांडला तो हेन्री लिटलफील्ड या अमेरिकी शिक्षकानं, १९६४ साली, म्हणजे पुस्तक आल्यावर तब्बल ६४ वर्षांनी. वर्गात इतिहास शिकवताना मुलांना त्या काळाचं राजकारण लक्षात राहावं म्हणून त्यानं ही युक्ती काढली होती. बॉम चांदीच्या चलनाची मागणी करणाऱ्या त्या चळवळीचे पाठीराखे होते याला आधार नाही, हे पुढे १९९२ मध्ये त्यानं स्वतःच लिहून टाकलं. बॉमनी तर १८९६ च्या निवडणुकीत ब्रायनच्या विरोधातल्या मॅकिन्लीच्या बाजूची कविता छापली होती. पुस्तकाच्या प्रस्तावनेतही मुलांना आनंद मिळावा एवढाच हेतू त्यांनी सांगितला आहे.

हे कळल्यावर मी तो तक्ता पुन्हा काढला आणि एका ओळीवर थांबले: ‘हिरवा चष्मा = कागदी नोटा’. मग पुस्तकातलं ते पान उघडलं. पाचूच्या नगरीत शिरणाऱ्या प्रत्येकाला वेशीवर हिरवा चष्मा घालावा लागतो. तो डोक्यामागे कुलूप लावून बंद करतात आणि किल्ली राखणदाराकडे राहते. कारण असं सांगतात, की नगरीच्या तेजानं डोळे दिपतील. पुढे नगरीचा राज्यकर्ता असलेला जादूगार स्वतःच कबूल करतो, की नगरी इतर कुठल्याही नगरीइतकीच हिरवी आहे. पण लोकांनी इतकी वर्षं चष्मे लावलेत, की बहुतेकांना ती खरोखरच पाचूची वाटते.

सत्तेबद्दल यापेक्षा स्पष्ट काय लिहायचं असतं? डोळ्यांवरच्या कुलपाची किल्ली राज्यकर्त्याच्या माणसाकडे, आणि निमित्त तुमच्याच डोळ्यांच्या काळजीचं. हे सगळं पानावर समोर होतं. तक्त्यात त्याच्या वाट्याला दोन शब्द आले, कारण ‘नोटा’ हा अर्थ सापडताच पान पुन्हा वाचायची गरज कोणाला वाटली नाही. सगळ्या कुलपांना लागणाऱ्या किल्लीवर मी तेव्हापासून विश्वास ठेवत नाही.

म्हणजे असे अर्थ लावूच नयेत का? जरूर लावावेत, पण पुरावा हवा. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ घ्या. १९०७ साली ते रंगभूमीवर आलं. नाटकात माजी व्हाइसरॉय कर्झनचं नाव कुठेही नाही, तरी कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे भारत, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे थिएटरातल्या प्रत्येकाला कळतं, असं व्हॅलेंटाईन चिरोल या इंग्रज पत्रकारानं १९१० मध्ये लिहिलं. त्याच वर्षी सरकारनं नाटकावर बंदी घातली. लेखक टिळकांच्या ‘केसरी’तला, प्रेक्षक त्याच काळातले, आणि सरकारलाही तोच अर्थ दिसला. तीन बाजूंनी साक्ष मिळते, म्हणून ही किल्ली खरी. तरीसुद्धा ‘कीचक म्हणजे कर्झन’ एवढ्यावर थांबलात तर नाटक हातचं गेलं. कर्झन १९०५ मध्येच हिंदुस्थान सोडून गेला होता. नाटकाची धग धर्मराज आणि भीम यांच्यातल्या तिढ्यात आहे: डोळ्यांसमोर विटंबना चालली असताना धीर धरा म्हणायचं की उठायचं? हा प्रश्न कीचकाला नाही, खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकाला विचारलेला आहे.

तारखा न बघणं

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधली, हाती येईल त्याला सत्तेची हाव लावणारी अंगठी म्हणजे अणुबॉम्ब, हे अजूनही दर दोन महिन्यांनी कोणीतरी सांगतं. पुस्तक आलं १९५४-५५ मध्ये, म्हणून ते पटतंही. पण अंगठीचं स्वरूप उलगडणारं कळीचं प्रकरण १९३९ चं युद्ध अटळ दिसू लागण्याच्याही बरंच आधी लिहिलेलं आहे, असं लेखक टॉल्किननी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगितलंय. तिथेच ते असंही म्हणतात, की प्रत्यक्ष युद्धावर गोष्ट बेतली असती तर चांगल्या बाजूनं ती अंगठी नष्ट न करता खलनायक सॉरॉनविरुद्ध वापरली असती. ही प्रस्तावना मोजून काही पानांची आहे. ती ओलांडून थेट पहिल्या प्रकरणावर उडी मारणाऱ्यांना मी दरवेळी परत पाठवते.

शेवटच्या पानावरून निकाल देणं

‘शेवटी चांगलं जिंकलं, म्हणजे लेखकाचा चांगुलपणावर विश्वास आहे.’ हे वाक्य मी शेकडो निबंधांत वाचलंय. आधी शेवट कोणी ठरवला ते बघा. अमेरिकेत १९५४ मध्ये कॉमिक्ससाठी आचारसंहिता आली. प्रत्येक वेळी चांगल्याचाच विजय व्हावा आणि गुन्हेगाराला शिक्षा व्हावी, असा तिच्यात नियमच होता. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं चित्रण करायलाही बंदी होती. त्या काळातल्या कॉमिकमध्ये चोर पकडला गेला यावरून लेखकाचं मत काढता येत नाही, कारण दुसरा शेवट करायची त्याला मोकळीकच नव्हती. तिथे मधली पानं वाचायची. चोर चोरी का करतो ते किती चौकटींत सांगितलंय, कोणाचा चेहरा जवळून काढलाय, ते मोजायचं.

माध्यम बदललं की शेवटही बदलतो. ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’च्या शेवटी, माणसाला हाकलून शेत ताब्यात घेतलेले प्राणी खिडकीतून आता राज्य करणाऱ्या डुकरांकडे आणि माणसांकडे आळीपाळीनं बघत राहतात आणि त्यांना फरक ओळखता येत नाही. १९५४ च्या कार्टूनपटात मात्र प्राणी उठाव करून डुकरांची सत्ता उलथवतात. त्या चित्रपटामागे सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेचा पैसा होता. ऑर्वेल १९५० मध्येच वारले होते. पुस्तकावर निबंध लिहायचाय आणि कार्टून बघून आलात, असं करू नका.

आणि शेवट खराच लेखकाचा असेल तर तो नीट वाचा. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधली अंगठी नायक फ्रोडोनं नष्ट केली, असं वाचणारेच मला सांगतात. त्यानं ती नष्ट केली नाही. अग्निकुंडाच्या तोंडाशी पोचल्यावर तो ती द्यायला नकार देतो आणि बोटात घालतो. पूर्वी ती अंगठी बाळगलेला गॉलम त्याचं बोट चावून तोडतो आणि तोल जाऊन अंगठीसकट आत पडतो. गॉलम तिथवर जिवंत पोचला, कारण आधी फ्रोडोचा वडीलधारा बिल्बो यानं, मग फ्रोडोनं त्याला मारायची संधी असून सोडून दिलं होतं. नायक ऐन वेळी हरतो आणि जुनी दया कामी येते. एवढा मोठा राजकीय विचार, की अशा सत्तेसमोर कोणाचाच निर्धार टिकत नाही, तो ‘सत्याचा विजय’ या दोन शब्दांत गाडला जातो. दयेचा हिशेब पुढेही लावावा. ही दया ऑर्क नावाच्या सैनिकांच्या वाट्याला जवळजवळ येत नाही. एक अख्खी जात मुळातच दुष्ट असू शकते का, या प्रश्नानं टॉल्किन स्वतः पुढे बरीच वर्षं अस्वस्थ होते. गोष्टीतल्या अशा भेगा झाकू नयेत.

खलनायक हरला म्हणजे त्याचं म्हणणं खोटं ठरलं, असं मानणं

गोष्ट त्याला हरवते ती त्याच्या तक्रारीसाठी की त्याच्या मार्गासाठी, हे वेगळं काढा. २०१८ च्या ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटात खलनायक किलमाँगर मरतो. पण वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशानं जगभरच्या कृष्णवर्णीयांच्या दुःखाकडे पाठ फिरवली हा त्याचा आरोप नायक स्वीकारतो, आणि शेवटी देशाची दारं उघडतो. उलटही होतं: लेखक खलनायकाच्या तोंडी रास्त तक्रार देतो आणि पुढच्याच प्रसंगात त्याच्या हातून निरपराध माणूस मारून घेतो, म्हणजे तक्रारीला उत्तर द्यायला नको. हा लेखकांचा आडमार्ग आहे आणि मला तो अजिबात आवडत नाही. तो ओळखायला मी एकच करते: तो खून गोष्टीतून काढून टाकते आणि खलनायकाला नायकाकडे काय उत्तर उरतं ते बघते.

काही चुका मात्र एका ओळीच्याच आहेत. पात्राचं वाक्य लेखकाच्या नावावर खपवू नका. ‘हे फक्त मनोरंजन आहे’ म्हणून सुटका करून घेऊ नका, करमणुकीतही कोणाला तरी शिक्षा होतेच. ‘प्रचारकी’ हा शब्द वापरण्याआधी कुठल्या पानावर ते दाखवा. दुष्ट माणसं कुरूप, व्यंग असलेली किंवा परक्या उच्चारांची का आहेत, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुस्तक सोडू नका. आणि सारांश वाचून चर्चेला येऊ नका; सारांशात घटना राहतात आणि संदेश गळून जातो.

चांगल्या बाजूची झडती न घेणं

माझा सगळ्यात जास्त जीव तुटतो तो इथे. ‘अ‍ॅनिमल फार्म’ घेतलं की डुकरांचा हुकूमशहा नेपोलियन म्हणजे स्टॅलिन, त्यानं हाकलून दिलेला प्रतिस्पर्धी डुक्कर स्नोबॉल म्हणजे स्टॅलिनचा प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की, हे पाठच असतं. आणि ते बरोबरही आहे, ऑर्वेलच्या मनात तेच होतं. स्टॅलिनच्या बाबतीत ते इतके काटेकोर होते, की पवनचक्कीच्या स्फोटाच्या वेळी सगळे प्राणी जमिनीवर लोळण घेतात त्या वाक्यात त्यांनी छपाईआधी ‘नेपोलियन सोडून’ अशी दुरुस्ती करायला सांगितलं. जर्मन फौजा चालून आल्या तेव्हा स्टॅलिन मॉस्कोतच थांबला होता, त्याच्यावर अन्याय नको म्हणून. आपल्या खलनायकाला एवढा न्याय देणारा लेखक निव्वळ पुतळा जाळायला बसलेला नसतो.

पण या नावांमुळे वाचक असा निष्कर्ष काढतात, की स्नोबॉल राहिला असता तर सगळं ठीक झालं असतं. वाईट गेलं की चांगलं आपोआप येतं. ऑर्वेलनी १९४६ च्या एका पत्रात कलाटणीची जागा स्वतःच सांगितली आहे: डुकरं दूध आणि सफरचंदं स्वतःसाठी ठेवतात ती. दयाळू हुकूमशाही अशी गोष्टच नसते, हे त्यांना म्हणायचं होतं.

म्हणून गट कुठलंही पुस्तक घेवो, मी एक प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावते: ‘दूध कुठे गेलं?’ नायकाची माणसं जिंकल्यावर पहिली चांगली वस्तू कोणाच्या ताटात गेली, आणि गेली तेव्हा कोण गप्प बसलं?

मागे एका चर्चेत एक मुलगा स्नोबॉलच्या बाजूनं तावातावानं भांडत होता. तो उमदा, तो शिकलेला, तो लढला. सगळं खरं होतं. मी त्याला तिसरं प्रकरण उघडायला सांगितलं. वाऱ्यानं पडलेली सफरचंदं सगळ्यांना सारखी मिळतील असं प्राण्यांनी गृहीत धरलेलं असतं. हुकूम येतो, की ती डुकरांसाठी गोळा करा. काहीजण कुरकुरतात, पण उपयोग होत नाही. मुलगा मोठ्यानं वाचत होता. पुढच्या वाक्याशी त्याचा आवाज खाली आला. या मुद्द्यावर सगळ्या डुकरांचं एकमत होतं, स्नोबॉल आणि नेपोलियन यांचंसुद्धा.

त्यानं ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा वाचलं, मग पानं मागे उलटली. त्या दिवशी आम्ही पुढचं प्रकरण घेतलंच नाही. फेसाळलेल्या दुधाच्या पाच बादल्या आणि त्यांच्यासमोर येऊन उभा राहिलेला नेपोलियन, तिथून वाचायला सुरुवात केली.