अमेरिकेचं सरकार समजून घेताना या चुका टाळा

न्यू जर्सीत आमच्या भागातल्या वाचनालयात दर शनिवारी सकाळी पाच-सहा ज्येष्ठ मंडळी जमतात. मुलांकडे येऊन ग्रीन कार्डावर (म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यावर) पाच वर्षं झाली, आता नागरिकत्वाचा अर्ज भरायचा आणि त्यासाठी तोंडी परीक्षा द्यायची. २० ऑक्टोबर २०२५ पासून आलेल्या अर्जांसाठी १२८ प्रश्नांची यादी आहे. अधिकारी त्यातले २० पर्यंत विचारतो, १२ बरोबर यावे लागतात. मी त्यांची तयारी करून घेते. पाठांतर कोणालाच जड जात नाही. ज्यांनी लहानपणी रामरक्षा आणि तिसापर्यंतचे पाढे म्हटले, त्यांना १२८ उत्तरं म्हणजे फार नाही. "कायदे कोण करतं?" विचारलं की "काँग्रेस", म्हणजे इथली संसद, असं उत्तर ठणठणीत येतं. आणि नंतर चहा पिताना तेच काका विचारतात, "अगं, पण राष्ट्राध्यक्ष एवढे बलाढ्य, मग आपल्या मुलांची ग्रीन कार्डची रांग एका सहीने का संपवत नाहीत?"

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक सगळ्या चुका त्याच मुळातून फुटतात. आपल्या डोक्यात 'सरकार' म्हणजे मंत्रिमंडळ, आणि ते लोकसभेतल्या बहुमतावर उभं. बहुमत आहे तोवर विधेयक मंजूर, बहुमत गेलं की सरकार गेलं. १७८७ साली फिलाडेल्फियात जमलेल्या ५५ प्रतिनिधींनी हा धागा जाणूनबुजून तोडला. कायदे करणारे, ते राबवणारे आणि त्यांचा अर्थ लावणारे असे तीन वेगळे खांब उभे केले आणि एकाच्या पडण्याने दुसरा पडणार नाही अशी रचना केली. अमेरिकेची बातमी डोक्यात बसत नसेल तर पहिली शंका आपल्या साच्यावर घ्यावी.

एक्झिक्युटिव्ह ऑर्डरला वटहुकूम समजू नका

मराठी बातम्यांत एक्झिक्युटिव्ह ऑर्डरसाठी 'वटहुकूम' हा शब्द सर्रास येतो आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त घोळ तोच घालतो. आपल्याकडे संसदेचं अधिवेशन चालू नसताना राष्ट्रपती वटहुकूम काढतात. त्याला कायद्याइतकंच बळ असतं. तो पुढे संसदेसमोर ठेवावा लागतो आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत मंजूर झाला नाही तर आपोआप संपतो.

एक्झिक्युटिव्ह ऑर्डर यातलं काहीच नाही. ती म्हणजे राष्ट्राध्यक्षाने आपल्या हाताखालच्या खात्यांना दिलेला हुकूम. तिला काँग्रेसची मंजुरी लागत नाही आणि तिची मुदतही संपत नाही. मात्र पुढचा राष्ट्राध्यक्ष पहिल्याच दिवशी ती रद्द करू शकतो, आणि मुख्य म्हणजे असलेला कायदा तिने बदलता येत नाही. कोरियाचं युद्ध चालू असताना, एप्रिल १९५२ मध्ये, पोलाद कारखान्यांत संप होणार असं दिसल्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी हुकूम काढून कारखाने सरकारी ताब्यात घेतले. दोन महिन्यांत सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो हुकूम रद्द केला. युद्ध चालू होतं, तरीही.

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांचा वर्षाचा आकडा, सुमारे १,४०,०००, आणि एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के ही मर्यादा १९९० च्या कायद्यात लिहिलेली आहे. एच-१बी ची, म्हणजे कुशल परदेशी नोकरदारांच्या व्हिसाची, ६५,००० अधिक २०,००० ही संख्यासुद्धा कायद्यातच आहे. हे आकडे राष्ट्राध्यक्षाच्या सहीने हलत नाहीत, त्यासाठी दोन्ही सभागृहांत विधेयक मंजूर व्हावं लागतं. उलट एच-१बी वाल्यांच्या, एच-४ व्हिसावर असलेल्या काही जोडीदारांना २०१५ मध्ये कामाची परवानगी मिळाली ती खात्याने केलेल्या नियमामुळे. म्हणून तिचं भवितव्य प्रत्येक निवडणुकीनंतर टांगणीला लागतं. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलर शुल्क लावणारा राष्ट्राध्यक्षांचा जाहीरनामा निघाला. तो १९५२ च्या कायद्याने त्यांना दिलेल्या, परदेशी व्यक्तींचा प्रवेश रोखण्याच्या अधिकारावर बेतलेला होता, आणि त्याला लगोलग न्यायालयात आव्हान मिळालं.

म्हणून व्हिसाबद्दलचा मेसेज फोनवर आला की घाबरण्याआधी एवढंच तपासा: हा काँग्रेसने केलेला कायदा आहे, खात्याचा नियम आहे, की राष्ट्राध्यक्षांचा हुकूम? आणि तिन्हींपैकी काहीच नसून कुणा खासदाराने नुसतं विधेयक मांडलं असेल, तर तो मेसेज पुढे पाठवू नका. दर दोन वर्षांच्या काँग्रेसमध्ये हजारो विधेयकं मांडली जातात, कायदा होतो त्यातल्या मोजक्यांचा.

शटडाउन झालं म्हणजे सरकार पडलं नाही

एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयींचं सरकार लोकसभेत एका मताने पडलं, ती दुपार आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. त्याच आठवणीतून शटडाउनकडे बघितलं की पुण्याहून फोन येतो, "आता निवडणूक लागणार का?"

नाही लागणार. अमेरिकेत निवडणुकांच्या तारखा कॅलेंडरला बांधलेल्या आहेत. काँग्रेसची दोन सभागृहं, प्रतिनिधिगृह आणि सिनेट. प्रतिनिधिगृहाची मुदत २ वर्षं, राष्ट्राध्यक्षाची ४, सिनेटरची ६. सभागृह मुदतीआधी विसर्जित करण्याचा अधिकार कुणालाच नाही. शटडाउनचा अर्थ एवढाच की १ ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षासाठी काँग्रेसने पैसे मंजूर केलेले नाहीत, आणि मंजुरीशिवाय तिजोरीतून पैसा काढता येत नाही. २०१८-१९ मध्ये हे ३५ दिवस चाललं, २०२५ च्या शरद ऋतूत ४३ दिवस. विमानतळावरचे तपासनीस, विमानवाहतूक नियंत्रक पगाराविना कामावर येत राहिले, पगार नंतर मिळाला.

यात आपल्या कामाचा मुद्दा असा की सगळी कार्यालयं एकसारखी बंद होत नाहीत. नागरिकत्व आणि ग्रीन कार्डचं काम बघणारं खातं बहुतांशी अर्जदारांच्या फीवर चालतं, त्यामुळे तिथल्या मुलाखती सहसा चालू राहतात. मजूर खात्याचं काम मात्र अडकतं, आणि नोकरीवर आधारित अर्जाची पहिली पायरी तिथेच असते. मुलाखतीची तारीख शटडाउनमध्ये आली म्हणून परस्पर घरी बसू नका. रद्द झाल्याचं पत्र आलं नसेल तर वेळेवर हजर राहा.

"बहुमत असून विधेयक का अडकतं?"

कारणं दोन, आणि दोन्ही आपल्या ओळखीची नाहीत. एक म्हणजे इथे पक्षांतरबंदी कायदा नाही. पक्षाच्या विरोधात मत दिलं म्हणून खासदारकी जात नाही. जुलै २०१७ मध्ये ओबामांचा आरोग्यविमा कायदा मोडीत काढण्याचा रिपब्लिकनांचा प्रयत्न ४९ विरुद्ध ५१ असा फसला, कारण त्यांच्याच पक्षाच्या तीन सिनेटरांनी विरोधात मत दिलं. जॉन मॅकेन त्यांतले एक. दुसरं म्हणजे सिनेटमधली ६० मतांची अट. शंभर सदस्यांच्या सभागृहात बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवून मतदान घ्यायचं तर ६० जणांचा होकार लागतो. ही अट घटनेत नाही, सिनेटच्या स्वतःच्या नियमांत आहे.

याच जागी मला बाबासाहेबांची आठवण होते. १९१३ ते १९१६ ही वर्षं ते न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात होते, त्यामुळे त्यांनी ही पद्धत जवळून पाहिलेली होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवल्या. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व जास्त, कारण तिथे सरकारला रोजच्या रोज सभागृहात जाब द्यावा लागतो. भारताच्या मसुद्याने उत्तरदायित्वाला झुकतं माप दिलं. हे भाषण मुळातून वाचलंत तर या लेखातल्या निम्म्या चुका तुमच्या हातून होणार नाहीत.

'सेक्रेटरी' म्हणजे सचिव नव्हे

हे झटपट सांगते. सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणजे परराष्ट्रमंत्री. आपल्याकडे मंत्री व्हायचं तर सहा महिन्यांत सभागृहाचं सदस्य व्हावं लागतं. इथे नेमकं उलटं, मंत्री व्हायचं तर काँग्रेसमधली जागा सोडावी लागते. २००९ मध्ये हिलरी क्लिंटन परराष्ट्रमंत्री झाल्या तेव्हा त्यांनी सिनेटचा राजीनामा दिला. पण 'जॉर्जियाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट' असं वाचलं तर तो परराष्ट्रमंत्री नव्हे. तो त्या राज्याच्या निवडणुका पाहणारा, लोकांनी निवडलेला अधिकारी आहे.

वॉशिंग्टनला 'केंद्र' म्हणताना सांभाळा

'केंद्र' म्हटलं की राज्यं म्हणजे त्याच्या भोवतालचा परीघ असं चित्र उभं राहतं. इथे तेरा राज्यं आधी होती आणि त्यांनी आपल्या अधिकारांतले काही काढून संघराज्याला दिले. उरलेले अधिकार राज्यांचे किंवा लोकांचे, असं १७९१ ची दहावी घटनादुरुस्ती सांगते. प्रत्येक राज्याला स्वतःची राज्यघटना आहे, स्वतःचा फौजदारी कायदा आहे. एकच गुन्हा एका राज्यात फाशीपर्यंत नेतो, शेजारच्या राज्यात फाशीच नाही.

गव्हर्नर हा शब्द ऐकून राजभवन डोळ्यांसमोर आणू नका. तो लोकांनी निवडलेला असतो, कामाने आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. राष्ट्राध्यक्ष त्याला नेमत नाहीत, काढूही शकत नाहीत, आणि राष्ट्रपती राजवटीसारखी तरतूद इथे नाही. महाराष्ट्र १ मे १९६० रोजी संसदेच्या कायद्याने जन्मला. २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने नाकारूनही संसदेने तेलंगणा वेगळा केला. अमेरिकेत एखाद्या राज्याचे असे तुकडे त्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय करता येत नाहीत.

न्यायालयांतही हेच. 'न्यूयॉर्क सुप्रीम कोर्टाचा निकाल' अशी बातमी दिसली की अंतिम निकाल लागला असं समजू नका. त्या राज्यात सुप्रीम कोर्ट हे खटला चालवणारं खालचं न्यायालय आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाचं नाव कोर्ट ऑफ अपील्स आहे. देशाचं सुप्रीम कोर्ट वेगळं. तिथे ९ न्यायाधीश, ही संख्या १८६९ च्या कायद्याने ठरलेली. निवृत्तीचं वय नाही.

निवडणूक आयोग शोधू नका

आपल्यासारखा देशभराची निवडणूक घेणारा आयोग इथे नाही. फेडरल इलेक्शन कमिशन नावाची संस्था आहे, पण ती प्रचाराच्या पैशांचा हिशेब बघते. मतदान आणि मोजणी राज्यांकडे, आणि प्रत्यक्षात काउंट्यांकडे, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यांसारख्या विभागांकडे. मतदानाच्या रात्री विजेता जाहीर करतात त्या वृत्तसंस्था. अधिकृत मोजणी नंतर होते, डिसेंबरमध्ये इलेक्टर (राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी प्रत्येक राज्यातून निवडलेले प्रतिनिधी) मतं देतात, ६ जानेवारीला काँग्रेस ती मोजते आणि २० जानेवारीला शपथ. एकूण ५३८ इलेक्टर, जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडले तर राज्यात एका मताने पुढे असलेल्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर मिळतात. म्हणून २००० मध्ये देशभरात पाच लाखांहून जास्त मतांनी पुढे असलेले अल गोर फ्लोरिडातल्या ५३७ मतांमुळे हरले.

'इम्पीच झाले' म्हणजे पायउतार झाले नाहीत

प्रतिनिधिगृहाने साध्या बहुमताने महाभियोग मंजूर करणं म्हणजे आरोपपत्र दाखल होणं. खटला सिनेटमध्ये चालतो आणि काढायला दोन-तृतीयांश मतं लागतात. अँड्र्यू जॉन्सन १८६८ मध्ये, क्लिंटन १९९९ मध्ये, ट्रम्प २०२० आणि २०२१ मध्ये असे सगळे सिनेटमधून सुटले. जॉन्सन तर एका मताने वाचले, ३५ विरुद्ध १९. वाजपेयींचं एक मत आणि जॉन्सन यांचं एक मत शेजारी ठेवून पाहा. जॉन्सन यांच्या विरोधात दोन्ही सभागृहांत प्रचंड बहुमत होतं, तरी ते मुदत पूर्ण करून गेले. निक्सन यांनाही कुणी काढलं नाही. प्रतिनिधिगृहात मतदान होण्याआधीच, ऑगस्ट १९७४ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला.

पहिली मतपत्रिका हातात आल्यावर

शपथ घेऊन, छोटा झेंडा हातात धरून फोटो काढून झाला की काही महिन्यांनी मतपत्रिका येते, आणि शनिवारी पुन्हा सगळे हजर. "यात राष्ट्राध्यक्षांचं नावच नाही," एका काकूंनी काळजीने दाखवलं. नव्हतंच. न्यू जर्सी आपला गव्हर्नर विषम वर्षी निवडते. त्याखाली काउंटीचे कमिशनर, शेरीफ आणि शाळा मंडळाचे उमेदवार होते. काकूंना वाटलं होतं की शेरीफ म्हणजे नेमलेला पोलीसप्रमुख आणि काउंटीला कुणीतरी कलेक्टर असेल. कलेक्टर नाही. जिल्ह्यात बसून वरच्या सरकारचं प्रतिनिधित्व करणारा असा अधिकारीच या व्यवस्थेत नाही.

नवखे मतदार हा खालचा भाग बहुधा कोरा सोडतात. कृपा करून सोडू नका. तुमच्या मुलाच्या घरावरचा जो मालमत्ता कर तुम्ही दर तिमाहीला बघून हळहळता, त्यातला न्यू जर्सीत सर्वांत मोठा वाटा शाळांकडे जातो. नातवाच्या शाळेत कोणते विषय ठेवायचे, बस किती अंतरापासून द्यायची हे ठरवणाऱ्या मंडळाची बैठक गावातल्याच एखाद्या शाळेत होते, सगळ्यांना खुली असते आणि तिथे उठून बोलता येतं. त्या काकू गेल्या महिन्यात नातवाच्या बसथांब्यासाठी तीन मिनिटं बोलून आल्या, इंग्रजी कागदावर लिहून नेलं होतं.